आनेझोचा खिळा

आनेझोच्या शेळीच्या गळ्यात घंटा नसते, किल्ली असते. चांगली पितळेची, बोटाएवढी लांब. गावात ही गोष्ट आता तीन तऱ्हांनी सांगतात आणि तिन्हींत आनेझोला जिवंतपणीच संत करून टाकलंय. संत वगैरे काही नाही ती. उपासाच्या दिवसांत चोरून चीज खाताना मी तिला दोनदा धरलंय, आणि पाद्रीबाबांचं प्रवचन लांबलं की ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी जांभई देते. पण जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि त्यातलं निम्मं मी छातीभर पाण्यात उभी असताना झालं. म्हणून जसं घडलं तसं माझ्या नेहमीच्या वहीत लिहून ठेवते.

तिची आणि माझी भिंत एक. एकावन्न वर्षांपूर्वी मी या गावात लग्न होऊन आले, तेव्हापासून तिचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात आणि माझ्या तळणाचा वास तिच्याकडे. आता ती शहात्तरची आहे. बुटकी, रुंद, हात गवंड्याचे. पोरबाळ झालं नाही. नवरा मार्कुलिस जाऊन एकोणीस वर्षं झाली, तेव्हापासून काळे कपडे. पण काळ्या कपड्यांतली बाई मान खाली घालून चालते असं ज्यांना वाटतं त्यांनी आनेझोला चालताना पाहावं.

हट्ट तिला बापाकडून आला. बाप थेओलोगोस मच्छीमार. एका ऑगस्टमध्ये त्याची होडी खडकावर फुटली. शुद्ध आली तेव्हा तो आमुदीच्या वाळूत पालथा पडला होता. आमुदी म्हणजे गावाच्या दक्षिणेला, डोंगर उतरून गेलं की लागणारी खाच. दोन कातळांच्या मध्ये चटईएवढी वाळू, तीन झाऊची झाडं, आणि तळाचे गोटे मोजता येतील असं पाणी. थेओलोगोसने तिथेच गुडघे टेकून नवस केला: इथे तारक ख्रिस्ताचं देऊळ बांधीन, आणि माझ्या घरातलं एक जरी माणूस पायावर चालतं असेल तरी सहा ऑगस्टला, प्रभूच्या रूपांतराच्या सणाला, इथली उपासना चुकणार नाही. देऊळ बांधलं ते एवढंसं. आत बारा माणसं शिरली की पाद्री बाहेर. सात वर्षांची आनेझो तेलाच्या रिकाम्या डब्यातून वाळू वाहत होती. "त्या भिंतीत माझा डबा आहे," असं ती अजून म्हणते. थेओलोगोस स्वतः गेला तो चार ऑगस्टला. पाच तारखेला त्याला पुरलं आणि सहाला सगळे आमुदीत उभे होते. त्या वर्षीसुद्धा चुकलं नाही.

एकोणिसाव्या वर्षी बापाने तिचं लग्न शंभर ऑलिव्हच्या झाडांशी ठरवलं, म्हणजे त्या झाडांच्या मालकाशी. आनेझो आमुदीच्या देवळात गेली आणि आतून कडी घातली. दोन दिवस. बाप बाहेरून ओरडला, "देवाच्या दारात बसून बापाशी हट्ट करतेस?"

आतून आवाज आला, "दार तुम्हीच बसवलंत, कडीही तुम्हीच. माझं काय चुकलं?"

तिसऱ्या दिवशी लग्न ठरलं ते मार्कुलिसशी. त्याच्याकडे एक खेचर होतं आणि खेचराला नाल ठोकायचा हातोडा.

आता निकिफोर. हा मार्कुलिसच्या मित्राचा मुलगा. त्याच्या बाप्तिस्म्याला आनेझो उभी राहिली, त्याच्या वतीने तिने सैतानाचा धिक्कार केला, त्याला तेल लावलं. म्हणून तो तिला नोना म्हणतो, धर्माची आई. पोटचं नव्हतं, तेव्हा सगळा जीव त्याच्यावर. अठराव्या वर्षी तो अथेन्सला गेला आणि चाळिशीत परत आला तो कोरलेली दाढी आणि मऊ बूट घेऊन. बापाचं जवाचं शेत आमुदीच्या बरोबर वर होतं. तिथे त्याने पाहुण्यांसाठी सहा पांढऱ्या खोल्या बांधल्या. आमुदीला उतरणारी वाट त्याच शेताच्या कडेने जाते. त्याच्या बापाने कधी कोणाला अडवलं नव्हतं.

गेल्या जुलैच्या शेवटी त्या वाटेवर लोखंडी फाटक आलं. दुसऱ्या दिवशी निकिफोर बदामाच्या मिठाईचा डबा घेऊन आनेझोच्या स्वयंपाकघरात आला. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते.

"नोना, हे बघ, रागावू नकोस."

"अजून तू काही बोललाच नाहीस. आधी बोल, मग रागावते."

तो बसला. म्हणाला, एक ते सहा ऑगस्ट उत्तरेकडच्या काही मंडळींनी सहाच्या सहा खोल्या भाड्याने घेतल्यात. त्यांना खाच हवीय, पण माणसं नकोत. "त्यांना शांतता हवीय, नोना."

"मग स्मशानात पाठव. माझा मार्कुलिस तिथे आहे. एकोणीस वर्षांत एक शब्द बोललेला नाही."

"सहाच दिवस फाटक बंद ठेवतो. आणि तसेही ते द्रिमांचे दिवस. तुम्ही बायका पाण्याकडे फिरकतसुद्धा नाही."

हे त्याने हिशेबाने काढलं होतं. ऑगस्टचे पहिले सहा दिवस द्रिमांचे, म्हणजे पाण्यात वावरणाऱ्या वाईट शक्तींचे. त्या दिवसांत आमच्याकडे कोणी समुद्रात उतरत नाही, केस धूत नाही, कपडे भिजवत नाही. कापडाला भोकं पडतात, अंगाला फोड येतात. पाद्रीबाबा दर वर्षी प्रवचनात सांगतात की हा अधर्म आहे, ख्रिस्ती माणसाने असलं मानू नये. आम्ही मान डोलावतो, घरी येतो, आणि धुण्याचं टोपलं सात तारखेपर्यंत झाकून ठेवतो.

"पोहायला नाही येत आम्ही," आनेझो म्हणाली. "सहा तारखेला सण आहे. आणि दिवा मी रोज लावते."

"पाद्रीबाबांशी बोललोय. यंदा उपासना गावातल्या मोठ्या चर्चमध्ये. यंदाच फक्त."

आनेझोने हात पुसले. "गालानीच्या किनाऱ्यावरच्या देवळाचंही यंदाच म्हणाले होते. जाऊन बघ आता. वेदीच्या जागी छत्र्या आणि खुर्च्या रचल्यात. एक वर्ष चुकलं की वाट बुजते, निकिफोर. पायाने राहते ती वाट."

त्याने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. "ही तुला. तू रोज जा, दिवा लाव. तू एकटी. सोबत गर्दी नको."

मला वाटलं, संपलं. किल्ली मिळाली, दिवा राहिला, अजून काय हवं? मी तसं बोललेही. आनेझोने माझ्याकडे असं पाहिलं की शेंग माझ्या हातातून सुटली.

"माझ्या बापाने त्या देवळाला बाहेरून कुलूप केलं नाही," ती म्हणाली. "कोणी वादळातून आलं तर आत जाता यावं म्हणून. आणि हा माझ्याच वाटेला कुलूप लावून मला किल्ली बक्षीस देतो."

"घे ना, नोना."

"घेते की."

तिने किल्ली घेतली, सुतळीत ओवली, अंगणात गेली आणि शेळीच्या गळ्यात बांधली. शेळीचं नाव कोंतेसा, म्हणजे सरदारीणबाई, कारण ती ताजी पानं सोडून काही खात नाही.

"झालं. आता फाटकाविषयी काय बोलायचं ते कोंतेसाशी बोल. मिठाईचा डबा घेऊन जा, परवापासून उपास आहे."

एक तारखेला फाटक बंद झालं. रोज संध्याकाळी आनेझो तेलाची बाटली घेऊन फाटकापर्यंत जायची, तिथून खाली पाहायची आणि परत यायची. देवळातला दिवा विझला होता. बाटली ती पुन्हा फडताळात ठेवायची ती अशी, की माझ्या बाजूला भिंतीला हादरा बसायचा.

तीन तारखेला पाद्रीबाबा याकोवोस तिची समजूत काढायला आले. माणूस चांगला, पण वजनदार, आणि गुडघ्यांनी बेजार.

"आनेझो, जायचं कुठून? उत्तरेचा वारा सुटलाय, बंदरातली होडी टोक ओलांडू शकत नाही. जमिनीवर फाटक. उरलं पाणी, आणि आता या दिवसांत..."

"या दिवसांत काय, पाद्रीबाबा?"

"काही नाही. देव सगळीकडे असतो, एवढंच म्हणायचंय. मोठ्या चर्चमध्येही आहे."

"तुमच्या घरीही आहे. मग रविवारी आम्हाला कशाला बोलावता?" तिने त्यांची बाही चिमटीत धरली. "हा कॉफीचा डाग कधीचा?"

"परवाचा असेल."

"म्हणजे एक तारखेचा. पाद्रीणबाईंनी धुतला नाही?"

पाद्रीबाबांनी खाकरून घेतलं. "धुवेल. उद्या."

"उद्या नाही. सात तारखेला धुतील. त्यांनाही माहीत, तुम्हालाही माहीत, त्या निकिफोरलाही माहीत. म्हणून तर नेमकं आत्ता कुलूप लागलंय."

पाच तारखेला दुपारी ती माझ्या दारात उभी. ॲप्रनचा ओचा भरलेला, आणि त्यातून गंजाचा वास. नालाचे खिळे. मार्कुलिसच्या पेटीतले, दोन मुठी.

"सेवास्ती, तुझ्या सासूने तुझ्या थोरल्याचे लंगोट ऑगस्टमध्ये कसे धुतले?"

आमचा थोरला तीस जुलैचा. तान्ह्या बाळाचे लंगोट सहा दिवस थांबत नाहीत. सासूने बालदीत लोखंडी खिळा टाकला होता. लोखंड असलेल्या पाण्याला द्रिमा शिवत नाहीत, हे आमच्या बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"बालदीत ठीक आहे गं," मी म्हटलं. "समुद्रात किती खिळे टाकशील?"

"समुद्रात कशाला टाकू? खिळा आपल्यापाशी ठेवायचा. झेराच्या घळीतून उतरायचं, गाढवाच्या नाकाला वळसा घालायचा, की आमुदी. बापाबरोबर मासे धरायला गेलेय मी तिथून. छातीभर पाणी, पन्नास पावलं. तिकडे वारा लागत नाही."

गाढवाचं नाक म्हणजे झेरा आणि आमुदीच्या मधला कातळ. मला पोहता येत नाही. तिलाही येत नाही.

"आनेझो, द्रिमा मानणं हे एक पाप. त्यावर खिळा मानणं म्हणजे दुसरं. आणि खिळाच! प्रभूच्या हातापायांत ज्याने..."

"पाप माझ्या नावावर घाल. तुझ्या वहीतही तसंच लिही." तिने एक खिळा माझ्या टेबलावर ठेवला. "मी उद्या सकाळी सात वाजता निघणार. तू आलीस तरी, नाही आलीस तरी."

ती पुढच्या दाराला गेली. मी घरातल्या पवित्र चित्रासमोर उभी राहिले आणि विचारलं. उत्तर आलं नाही, पण मला एवढं कळलं की एकावन्न सण मी आमुदीत उभी होते आणि कोणाची परवानगी मागितली नव्हती. आता मागावी लागली तर ती निकिफोरकडे मागायची? ज्याचं नाक मी माझ्या ॲप्रनने पुसलंय? मी सुईदोरा काढला आणि खिळा झग्याच्या काठात शिवून टाकला.

सहाला सकाळी झेराच्या घळीत आम्ही अकरा बायका, दोन म्हातारे, आणि सगळ्यांत शेवटी, धापा टाकत, पाद्रीबाबा. ते येतील असं मला वाटलं नव्हतं. पाद्रीणबाईंनी त्यांना घरातून बाहेर काढलं, असं नंतर कळलं. पाच भाकऱ्यांची टोपली, आशीर्वादासाठी द्राक्षांच्या दोन टोपल्या, डोक्यावर. पवित्र पात्रं पाद्रीबाबांच्या डोक्यावर, पेटीत, शालीने बांधलेली. आनेझोच्या हातात फक्त तेलाची बाटली.

"पाद्रीबाबा, खिळा देऊ?" तिने विचारलं.

"मी धर्मगुरू आहे, बाई. मला असल्या गोष्टींची गरज नाही." त्यांनी एक पाय पाण्यात घातला. मग दुसरा. मग पुढे बघतच त्यांनी हात मागे केला, तळवा उघडा. आनेझोने त्यावर खिळा ठेवला. हे फक्त मी पाहिलं, आणि पुढे पापनिवेदनात त्यांनाच सांगितलं.

पाणी गार होतं, पण अंगाला काही झालं नाही. घागरे फुगून वर आले, अकरा काळे फुगे. आनेझो पुढे, एक हात कातळावर, दुसऱ्यात बाटली, आणि तोंडाने सणाचं स्तोत्र. तिला सूर कधीच सापडला नाही. देवाने बाकी सगळं देऊन तो तेवढा ठेवून घेतला. पाणी कमरेला आलं, छातीला आलं. कातळाच्या टोकाशी पोचलो आणि तिचा पाय शेवाळावर सरकला.

ती गेली. खरंच गेली, डोक्यावरचा रुमाल तेवढा तरंगला. माझ्या मागे कोणीतरी किंचाळलं. आणि पाण्यातून एक हात वर, ताठ, हातात बाटली. मी तो हात धरला, मागच्या बाईने मला धरलं, तिला तिच्या मागच्या म्हाताऱ्याने. आनेझो वर आली, खारं पाणी थुंकली आणि म्हणाली, "तेल कोरडं आहे."

मग स्तोत्र जिथे तुटलं होतं तिथूनच पुन्हा सुरू.

आमुदीच्या वाळूत निकिफोरचे पाहुणे आडव्या खुर्च्यांत पडले होते. समुद्रातून काळ्या कपड्यांतल्या अकरा बायका डोक्यावर टोपल्या घेऊन चालत येताना दिसल्यावर त्यांना काय वाटलं असेल ते त्यांनाच माहीत. एका बाईचं पुस्तक पाण्यात पडलं. आनेझो त्यांच्या मधून गेली, देवळाचं दार ढकललं आणि दिवा लावला. भिजलेल्या बोटांनी तीन काड्या वाया गेल्या, चौथी पेटली. उपासना पूर्ण झाली, एक ओळ न गाळता. जमिनीवर आमच्या अंगचं पाणी साचलं होतं आणि त्यात दिवा दिसत होता.

बाहेर पडलो तेव्हा दारात निकिफोर उभा होता, घामाने भिजलेला.

"नोना, हे काय केलंस? बुडाली असतीस!"

"बुडालेच होते. बापासारखी. बाप बाहेर आला तर त्याने देऊळ बांधलं. मी बाहेर आले ते दिवा लावायला."

"मी तुला किल्ली दिली होती!"

"कोंतेसाकडे आहे." ती त्याच्या अगदी जवळ गेली. तो तिच्यापेक्षा दोन वीत उंच, पण मागे सरला तोच. "तुझ्या बाप्तिस्म्याला तुझ्या वतीने मी सैतानावर तीनदा थुंकले. चौथ्यांदा थुंकायला हवं होतं, ते मला त्या दिवशी सुचलं नाही. तुला द्रिमा आठवल्या, निकिफोर. खिळा नाही आठवला. शहरात जाऊन अर्धंच विसरलास, हा तुझा घोटाळा."

त्याचा चेहरा पडला. त्याने वर जाऊन फाटक उघडलं आणि दोन्ही झडपा धरून उभा राहिला. पाद्रीबाबांनी फाटकाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं. "तत्त्व ते तत्त्व," म्हणाले, "आणि गुडघे ते गुडघे," आणि वाटेने वर निघाले. बाकीचेही निघाले. त्यांना मी दोष देत नाही.

आनेझोने आशीर्वादाची द्राक्षं पाहुण्यांना वाटली, ज्या बाईचं पुस्तक भिजलं तिला मोठा घोस. मग घागरा खोचला.

"आनेझो, फाटक उघडं आहे," मी म्हटलं.

"उघडं फाटक पुन्हा बंद होऊ शकतं. जन्मभर मी फाटक नसलेल्या वाटेने गेले. तशी वाट झाली की जाईन."

मी तिच्या मागून पाण्यात शिरले. माझेही गुडघे दुखतात. पण तिला एकटीला कोणी सोडायचं?

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी पाच वाजता ती पाण्यातून दिवा लावायला जाऊ लागली, स्तोत्र म्हणत. एकटी नाही, आळीपाळीने आमच्यापैकी एक कमरेला दोर बांधून मागे. ऑगस्ट संपला तरी. शांततेसाठी आलेले पाहुणे बरोबर पाचला उन्हात डोळे मिटून पडलेले असायचे, आणि कातळाआडून आनेझोचा आवाज यायचा. तो आवाज वर्णन करून सांगता येत नाही. दोन कातळांच्या मध्ये तो दुप्पट होतो.

निकिफोर कधी फाटकाशी, कधी आमच्या दाराशी. "नोना, उघडंच ठेवलंय. रात्रंदिवस उघडं!"

"पाहिलं. छान दिसतं."

"पाहुणे विचारतात, या बाई रोज काय म्हणतात?"

"सांग त्यांना, तुमच्यासाठी प्रार्थना करते. ऐकू आली नाही तर जरा मोठ्याने करीन."

चौदा सप्टेंबरला, क्रुसाच्या सणाला, आम्ही चर्चमधून परतलो तर अंगणात निकिफोर उभा. बाजूला खेचर, आणि खेचरावर आडवं बांधलेलं फाटक. सगळं, बिजागऱ्यांसकट. बूट धुळीने माखलेले, बोटाला फडकं. खेचर फुरफुरलं.

"कुठे ठेवू?" त्याने विचारलं.

आनेझोने त्याच्या बोटाकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं. "कोंतेसाच्या गोठ्याला दार नाही. पावसात भिजते बिचारी."

त्याने तिथेच चौकट रोवली. एका बिजागरीला खिळा कमी पडला. आनेझोने ॲप्रनच्या खिशातून तिचा काढून दिला, महिनाभर समुद्र प्यालेला. "नीट ठोक," ती म्हणाली. "तुझ्या नोनाच्या नवऱ्याचा आहे." आणि मग आत जाऊन त्याच्या बोटासाठी स्पिरिट घेऊन आली, त्याला ओट्यावर बसवलं, आणि ते लावताना मुद्दाम जरा जोरात दाबलं.

दुसऱ्या दिवशी पाचला ती वाटेने गेली. मी सोबत होते. वाटेवर फाटकाची दोन भोकं उरली होती. तिने त्यांत पायाने माती ढकलली आणि दाबली.

कोंतेसा आता फाटकामागे राहते, आणि त्या फाटकाची किल्ली तिच्याच गळ्यात आहे. हे पाहून लोक हसतात. आनेझो हसत नाही. ती म्हणते, हे एवढं एकच फाटक नीट बसलंय, ज्याची किल्ली आत राहणाऱ्याकडे आहे.

माझा खिळा अजून झग्याच्या काठात आहे. इस्त्री अडकते. उसवून काढला नाही, काढणारही नाही. ऑगस्ट दर वर्षी येतो.